शेडमधलं ऊन

डांबराच्या मलमाचा डबा घरात आला आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात सासूबाई आणि त्यांचं नाक. दुसऱ्या पक्षात एकटी सून. ज्याच्या अंगाला ते मलम लागायचं तो वेल्डर मात्र कुठल्याच पक्षात नव्हता. तो मुकाट्यानं लावून घ्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

सोरायसिस त्याला लग्नाआधीपासून होता. कोपरांवर, मनगटांवर, दंडांवर, मानेवर आणि पाठभर लाल चट्टे, वर चंदेरी खपल्या. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे डॉक्टरांनी कितीदा तरी सांगितलं होतं, पण लोकांच्या नजरेला कोण सांगणार? म्हणून त्यानं आपला साधा इलाज काढला होता. कुणाला दिसूच द्यायचं नाही. घामाच्या धारा लागल्या तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही गळ्याशी बटण लावून. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोसमोरही त्यानं उजेडात शर्ट काढला नव्हता. बायको एका मोठ्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर कामाला. तिथं तिला सगळे डागवालीच म्हणत. "जगाचे डाग काढते आणि घरातला माणूस मला कॉलर उघडून दाखवत नाही," असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. हसायची, पण ते तिला आत कुठंतरी बोचायचं.

मग एकामागून एक मलमं हरली आणि डॉक्टरांनी हा जुना इलाज काढला. "कोल टार. वास येईल, चादरी खराब होतील, पण गुण येईल. रात्री लावायचं. सकाळी आधी तेल चोळून काढायचं, मग साबणानं धुवायचं. आणि उन्हात अजिबात फिरायचं नाही."

वेल्डरच्या आधी डागवालीनंच उत्तर दिलं. "ऊन कुठलं डॉक्टर? हे उजाडायच्या आत कारखान्याच्या शेडमध्ये शिरतात ते दिवस मावळल्यावर बाहेर पडतात. यांना ऊन बघायला सुट्टी काढावी लागते."

डॉक्टर हसले. आपण फार हुशारीचं बोललो असं तिलाही वाटलं.

पहिल्या रात्री वेल्डर खाटेच्या कडेवर बसला, बटणाला हात घातला आणि म्हणाला, "डोळे!"

ही त्यांच्या शेडमधली रीत. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितला की रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. म्हणून वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवण्याआधी वेल्डर ओरडतो, "डोळे!" आणि आजूबाजूचे सगळे हातातलं काम तसंच ठेवून तोंड फिरवतात. वेल्डरनं सांगेपर्यंत कुणी मागं बघत नाही. फोरमन असो की मालक, मान आपोआप वळते.

डागवालीनंही मान वळवली. शर्ट काढल्याचा आवाज आला. पाठ तिच्याकडे करून तो म्हणाला, "हं." मग तिनं बोटांनी मलम घेतलं आणि नवऱ्याच्या पाठीला पहिल्यांदा हात लावला. त्याचे खांदे दगडासारखे ताठ होते. कितीतरी वेळानं ते सैल पडले.

असे काही दिवस गेले. चट्टे बसायला लागले, कोपरांवर गुळगुळीत कातडी दिसायला लागली. आणि एका रात्री तो "डोळे" म्हणायचं विसरला. गप्पा मारता मारता त्यानं शर्ट काढला आणि खुंटीला टांगला. डागवालीनं ते मुद्दाम लक्षात आणून दिलं नाही. पण त्या रात्री ती इतकी आनंदात होती की सासूबाईंनी वासावरून बोलायला सुरुवात केली तेव्हा तिनं त्यांनाच मिठी मारली.

मग आग सुरू झाली. आधी मनगटांना, मग गळ्याला. संध्याकाळी घरी आला की कॉलरच्या वर गळ्याभोवती लालभडक पट्टा उठलेला असायचा, हात लावू द्यायचा नाही. सासूबाईंना आयतंच कोलीत मिळालं. "डांबर लाकडाला लावतात, पत्र्याला लावतात. माणसाला कुणी लावतं का? माझा पोरगा काय होडी आहे?"

काल रात्री वेल्डरनं खाटेवर बसून पुन्हा म्हटलं, "डोळे!"

डागवालीनं मान वळवली.

आज पहाटे तो घाईघाईनं गार पाणी अंगावर घेत होता. ती तेलाची बाटली घेऊन दाराशी उभी राहिली. "अहो, तेल तरी लावा आधी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुला किती वेळा सांगू? तेलकट अंगानं वेल्डर कामाला जात नाही. एक ठिणगी पडली की संपलं. आणि शेजारी ऑक्सिजनचे सिलिंडर. तेलाचा थेंब दिसला तर फोरमन गेटाबाहेर काढेल."

"मग डांबर निघणार कसं?"

"निघतं साबणानं." त्यानं टॉवेल ओढला, मानेला लावला आणि दात आवळले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे बघ, आज बऱ्याच दिवसांनी ड्रमच्या आतला जोड आहे. दिवसभराचं काम. आज जर अशीच आग झाली तर हा डबा मी गटारात टाकणार. आणि मग पुन्हा मलम नाही, डॉक्टर नाही, माझ्या पाठीला हात लावायचा नाही. मी होतो तसा बरा होतो."

"ड्रमच्या आत तर उकाडा मरणाचा."

"आत मी मोकळा असतो. कुणी बघायला नसतं. शर्ट काढून काम करता येतं." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान आला. "आतलं काम फोरमन मलाच देतो. दुसऱ्या कुणाला सांगतच नाही."

तो गेला. डागवाली दारात बाटली धरून तशीच उभी राहिली.

लाँड्रीत तिचं लक्ष लागेना. तिनं आज घरचा टॉवेल सोबत आणला होता, डांबराचा डाग टेबलावर निघतो का बघायला. टॉवेल पसरला आणि ती थबकली. आंघोळीनंतर पुसलेल्या टॉवेलवर तपकिरी डागच डाग. म्हणजे साबणानं काही निघत नव्हतं. डांबर कातडीत मुरलेलं घेऊनच माणूस कामाला जात होता. ठीक आहे, जात होता. पण मग पाठीला आग का होत नाही? पाठीला तर सगळ्यात जाड थर.

शेजारच्या टेबलावर कुठल्याशा हॉटेलचे पडदे आले होते. घडीच्या आतला निळा रंग नव्यासारखा, बाहेरचा उडून पांढरट पडलेला. पडदे मोजणारी बाई म्हणाली, "याला काय करणार? हा डाग नाही. उन्हानं खाल्लाय."

डागवाली त्या पडद्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचं मनगट आलं. वर लाल, खाली लाल, आणि मध्ये घड्याळाच्या पट्ट्याखाली गोरी स्वच्छ पट्टी. काल रात्री तिनं त्या पट्टीवरही मलम लावलं होतं. परवाही लावलं होतं. मलमाचा दोष असता तर पट्ट्याखाली घामानं जास्तच पेटलं असतं. पण तिथं काहीच नव्हतं. आग होती ती हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीत. आग होती ती कॉलरच्या वर गळा जिथं उघडा राहतो तिथं.

उघडं असेल तिथं. उजेड पडेल तिथं.

कसला उजेड? तिला आठवलं, लग्नानंतर एकदा ती त्याला हौसेनं विचारायला गेली होती, तुमचं काम असतं तरी कसं? तो म्हणाला होता, "रॉड टेकला की हातात छोटा सूर्य धरल्यासारखं. ऊन लागतं आम्हाला. मार्गशीर्ष असो की ज्येष्ठ, आमची मान भाजलेलीच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! उन्हात जात नाहीत म्हणून ती डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून आली होती, आणि तिचा नवरा दिवसभर ऊन हातात धरून बसत होता. इतके दिवस तर अंगावर जॅकेट होतं. आज तो ड्रममध्ये होता. उघड्या अंगानं. चारी बाजूंनी चकचकीत लोखंड, प्रत्येक बाजूनं परत फेकलेला उजेड, आणि दंडांवर, खांद्यांवर तिनंच काल रात्री मायेनं लावलेलं डांबर.

 तिनं त्याला फोन लावला. वाजत राहिला, फोन कपाटात ठेवूनच शेडमध्ये जावं लागतं हे तिला माहीत होतं, तरी लावला. ऑफिसचा नंबर कुणी उचलेना. मग तिनं डाग सैल करायला लाँड्रीत ठेवलेली तेलाची बाटली आणि कापूस पिशवीत टाकला आणि कुणालाही न विचारता निघाली. मागून सुपरवायझर काहीतरी ओरडली. डागवालीनं ऐकलं नाही.

गेटवर वॉचमननं अडवलं. "बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही."

"बाहेरची? माझा नवरा आत भाजतोय आणि मी बाहेरची?" तिचा आवाज असा काही लागला की वॉचमननं अडसर वर केला आणि स्वतःच शेडचं दार दाखवलं.

शेड लांबलचक होती. मध्ये आडवा ठेवलेला ड्रम, एखाद्या खोलीएवढा. एका टोकाला माणूस कसाबसा सरपटत जाईल एवढं गोल तोंड. त्या तोंडातून निळा-पांढरा उजेड फडफडत होता आणि तळल्यासारखा चरचर आवाज येत होता. तिनं डोळ्यांवर हात घेतला. आत माणूस असला की तोंडाशी एक जण बसायलाच हवा, असा नियम. आज ती पाळी म्हाताऱ्या फिटरची होती. त्याला सगळे पान्हेकाका म्हणत. पान्हेकाका होते, पण तोंडाशी नव्हते. चांगले लांब, पंख्याखाली, नाकाला रुमाल बांधून बसले होते.

"काका, त्यांना थांबवा. बाहेर काढा."

"तू कोण?"

"त्यांची बायको."

काकांनी रुमाल खाली केला. तेवढ्यात फोरमन आला. धिप्पाड, घाईतला माणूस. "काय चाललंय? बाई, जोड अर्धा झालाय. मध्येच थांबवला तर सगळा खरवडून पुन्हा करावा लागेल. संध्याकाळी या."

"तुम्ही दुसऱ्याला पाठवा ना आत."

फोरमन जरा घुटमळला. मग त्यानं आवाज खाली आणला. पण कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाचा खालचा आवाज तो कितीसा खाली असणार? "बाई, स्पष्ट बोलतो. तुमचा नवरा काय लावतो देव जाणे, त्याच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार नाही. वासही, आणि... ते कातडीचंही. पोरं बिचकतात. म्हणून आतलं काम निघालं की मी त्यालाच देतो. त्याचीही सोय, बाकीच्यांचीही. त्याला वाटतं मी कौतुकानं देतो. वाटू दे."

डागवालीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे झाकली मूठ कधीच उघडी पडली होती. सगळ्यांना माहीत होतं. एवढी वर्षं तो गळ्याशी बटण लावून उकडत होता ते कुणासाठी? तिला फोरमनचा राग आला, काकांचा आला, आणि त्या बटणाचाही आला. पण रागवायला वेळ नव्हता. आत चरचर चालू होती.

भिंतीला टेकवलेला हातोडा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि ड्रमवर घातला. एकदा, दोनदा, तीनदा. सगळी शेड दणाणली. आतला उजेड विझला.

"काय रे?" आतून आवाज आला.

ती तोंडाशी गुडघ्यांवर बसली. आतून भट्टीसारखी वाफ आली. "मी आहे."

आत रॉड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "तू? घरी काही झालं का?"

"घरी काही नाही. तुम्हाला झालंय. अहो, तो उजेड म्हणजे ऊनच आहे. डांबर लावून उन्हात जायचं नाही म्हणाले होते ना डॉक्टर? मीच मूर्ख, मीच त्यांना सांगितलं की ऊन नाही. बाहेर या. आधी पाणी, मग तेलानं सगळं काढू."

आत काहीतरी हललं. अंधारात तिला नुसते डोळे दिसले. "जळतंय," तो हळूच म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिला काही दुखतंय असं सांगितलं होतं. "खांद्यांना, दंडांना. फोड आलेत वाटतं."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो की फोरमन विचारणार." तो तोंडाकडे जरा सरकला. "बाहेर कितीजण आहेत?"

तिनं मागं बघितलं. हातोड्याच्या आवाजानं सगळी शेड गोळा झाली होती. "सगळे आहेत."

"शर्ट अंगाला लागत नाही. घालताच येत नाही." त्याचा श्वास जोरानं चालला होता. "तू जा. जेवणाचा भोंगा झाला, सगळे गेले की येतो. तोवर उरलेला जोड संपवतो."

"संपवतो? वेड लागलंय का? अजून उजेड अंगावर घेणार?"

"मग काय करू? असा बाहेर येऊ? या सगळ्यांसमोर?"

तिनं पिशवीतून बाटली काढली आणि आत सरकवायला हात घातला. पान्हेकाका किंचाळले, "ए! तेल आत नाही! लोखंड तापलंय! भडका उडेल, माणूस आत आहे!" फोरमननं तिचा हात धरून मागं ओढला. त्यांचं बरोबर होतं, आणि तिलाही ते कळत होतं. तेल आत जाऊ शकत नव्हतं. त्यालाच बाहेर यायला हवं होतं, आणि तो येणार नव्हता. त्याला ती ओळखून होती. फोड फुटून चिघळले तरी चालतील, पण लोकांच्या नजरा नकोत. तो आतच बसेल, पुन्हा रॉड टेकवेल, आणि संध्याकाळी घरी येऊन डबा गटारात टाकेल. पुन्हा कधी पाठ तिच्याकडे करणार नाही.

आतून खट् असा आवाज आला. त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली होती.

डागवाली उठली. शेडमधल्या माणसांकडे तिनं एकदा बघितलं. मग छातीत होता नव्हता तो सगळा आवाज काढून ती ओरडली,

"डोळे!"

सवय ती सवय. एकजात सगळ्या माना वळल्या. फोरमनची वळली, पान्हेकाकांची वळली, लांब क्रेनवर बसलेल्यानंसुद्धा भिंतीकडे तोंड केलं. कुणी विचारलं नाही की बाईच्या हातात रॉड कुठं आहे. शेडभर पाठीच पाठी.

ती तोंडाशी वाकली. "आता या. कुणी बघत नाहीये. मीसुद्धा नाही." आणि तिनंही मान वळवली.

आत काही हलेना.  कुणी एकानं जरी मागं वळून बघितलं, तरी संपलं. एकजण खोकला. कुणाचा तरी बूट घासला. मग लोखंडावर गुडघे सरकल्याचा आवाज आला, आणि डांबराचा, घामाचा, भाजलेल्या कातडीचा वास तिच्याजवळ आला.

"हं," तो म्हणाला.

ती वळली. खांदे आणि दंड लालभडक, त्यांवर पाण्याचे फोड. पाठ मात्र उजेडाच्या उलट बाजूला राहिल्यानं वाचली होती; तिनं लावलेलं मलम, बसत आलेले चट्टे. तिनं ड्रमशेजारच्या पिंपातलं पाणी डब्यानं घेतलं आणि सावकाश ओतत राहिली. तो थरथरला, पण सरकला नाही. खूप पाणी ओतून झाल्यावर तिनं फोड टाळून मानेला तेल लावलं. कापसावर तपकिरी डाग उतरायला लागला. डाग निघताना तिला रोज बरं वाटायचं. आज रडू आलं. ती रडली, आणि हात थांबवला नाही.

"फोरमन काय म्हणत होता?" त्यानं विचारलं.

तिचा हात थबकला. "काही नाही. आतलं काम तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही म्हणाला."

"ड्रमच्या आत सगळं ऐकू येतं गं," तो म्हणाला. "आजच नाही. केव्हापासूनच येतं."

तिनं कापूस पुन्हा तेलात बुडवला. समोर सगळी शेड अजून पाठ करून उभी होती. नियमच तसा, वेल्डरनं सांगितल्याशिवाय वळायचं नाही. फोरमनची मान अवघडली असावी, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. पण वळला नाही.

वेल्डरनं ड्रममधून सोबत आणून खाली टाकलेल्या शर्टाकडे बघितलं. डागवालीनं तो उचलून पुढं केला, निदान खांद्यावर टाकायला. त्यानं तो घेतला, क्षणभर हातात धरला, आणि पिंपाच्या काठावर ठेवून दिला. मग पाण्यानं निथळत, उघड्या अंगानं, शेडच्या मधोमध तो ताठ उभा राहिला. तिचा तेलकट हात त्याच्या पाठीवर होता. खांदे दगडासारखे झाले होते. मग ते हळूहळू सैल पडले.

"झालं," तो मोठ्यानं म्हणाला. "वळा. बघा काय बघायचंय ते."